काळी बिअर आणि "किती टक्के?"

परवाच्या शनिवारी पुण्याहून घरी पुंडलिकनगरला आलो, तेव्हा सॅकमध्ये गिनेसचे चार कॅन होते. रात्री मित्राच्या गच्चीवर जुनी गॅंग जमली. ग्लासात ओतली तर काळीकुट्ट, वर साय धरल्यासारखा फेस. पहिला प्रश्न आला, "किती टक्के?"

"चार पॉइंट दोन."

"मग आणली कशाला बे? सरबतच पिऊ की!"

च्यामारी, इथेच आपली गाडी अडते. काळी म्हणजे कडक, हे मलाही वर्षभरापूर्वीपर्यंत वाटायचं. स्टाउटचा काळा रंग येतो करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीतून, कॉफीच्या बियांसारखाच. अल्कोहोल किती, ते ठरतं यीस्टने किती साखर खाल्ली यावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आता साधं गणित करा. ८ टक्के स्ट्रॉंगची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. माझा ४४० मिलीचा कॅन म्हणजे जेमतेम १८. तरी लिव्हरची काळजी सगळ्यांना काळ्या ग्लासाचीच!

आणि हीच मंडळी जानेवारीत गुळभेंडीचा हुरडा खाऊन कुठल्या शेतातला ते सांगतात. आगटीचा तो भाजका वास, जिभेवर उरणारा किंचित कडवटपणा, तेच सगळं स्टाउटमध्ये आहे हो. फक्त बर्फासारखी गार करू नका, चव मरते. पण हुरड्याला जीभ आणि बिअरला फक्त टक्के, हा काय न्याय?

बरं, आपलं गाव बिअरसाठी काही नवखं नाही. वाळूजला, चिकलठाण्याला बिअर बनते, तीही जायकवाडीच्या पाण्यातून. २०१६ च्या दुष्काळात खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. तेव्हा आमच्या गल्लीत टॅंकरपुढे हंड्यांची रांग असायची. म्हणून कुणी म्हणेल, टॅंकरच्या गावात चवीच्या गप्पा कसल्या मारतोस? उलट इथेच मारायला हव्यात. ते पाणी शेवटी जातं कशात? घशाखाली कधी उतरली तेही कळू नये, अशा बिअरमध्ये. यात कारखान्यांना तरी काय बोलणार, काउंटरवर आपण मागतो काय? टक्के. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, ताजी बिअर लोक चव घेत प्यायला लागले. आपल्याला कोणी अडवलंय?

एक कॅन तिघांनी मिळून तासभर पुरवला. कॅनमधला नायट्रोजनचा प्लॅस्टिक गोळा कापून बाहेर काढण्यात अर्धा तास गेला तो वेगळाच (इंजिनिअर, दुसरं काय).

सरबतवाल्याने मात्र दोन स्ट्रॉंग रिचवल्या आणि साडेअकराला बाइक काढायला निघाला. किल्ली मी खिशात घातली. शिव्या खाल्ल्या. रविवारी सकाळी पोहे खायला आला तेव्हा परत दिली.

शेवटचा कॅन अजून घरच्या फ्रिजमध्ये आहे. आईला ती कोल्ड कॉफी वाटतेय.