मागच्या चाकांना डिस्क बसवावी का?



जुनी मोटार घेणाऱ्यांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. शहाद्याकडच्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानेही तो नुकताच विचारला. "सर, गाडी बारा वर्षांची आहे. पुढे डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम. गॅरेजवाला म्हणतो, मागेही डिस्क टाकून देतो, मग घाटात घोर नाही. टाकू का?" त्या गाडीत त्याची अम्मी, पत्नी आणि दोन लेकरे बसतात आणि कामासाठी त्याला वरचेवर धडगावला जावे लागते. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही, घरच्या माणसांच्या जिवाचा आहे.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांशी आणि हयात गॅरेजमध्ये घालवलेल्या उस्तादांशी बोललो. उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांसाठी ते 'नको' असे आहे. जो पैसा डिस्कवर घालायचा, तो आहे तो ब्रेक नव्यासारखा करण्यावर घाला. का, ते समजून घेऊ.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबड्यासारखे भांडे. आत दोन ब्रेक शू असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडर ते शू बाहेर ढकलतो आणि त्यांचे लायनर ड्रमला आतून घासते. डिस्कमध्ये उघडी चकती फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरतो. चकती उघडी असल्याने लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. ड्रम बंद असतो, त्यामुळे आतली उष्णता आतच कोंडते. तो तापून फुगला की शूपासून दूर जातो आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागते. नदी-नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर ड्रममध्ये ओल राहते आणि पहिले एक-दोन ब्रेक नीट लागत नाहीत. अशा वेळी हळू चालवत पेडल हलके दाबून ब्रेक वाळवून घ्यावेत. म्हणजे गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. डिस्क ही ड्रमपेक्षा सरस आहेच.

मग कंपन्या मागे ड्रम का ठेवतात? आजही स्विफ्ट, वॅगनआरसारख्या नव्या गाड्या मागे ड्रम घेऊनच बाहेर पडतात. कारण केवळ काटकसरीचे नाही. जोरात ब्रेक मारला की गाडीचे नाक खाली वाकते आणि आपण सगळे पुढे झुकतो. गाडीचे वजनही तसेच पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी थांबवण्याचे ७० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागचा ब्रेक मुद्दामच सौम्य ठेवलेला असतो. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ रेषेत घसरते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि गाडी गर्रकन फिरते. घाटात, ओल्या रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना याचा अर्थ काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने मोजून ठरवलेला असतो. त्यासाठी अनेक गाड्यांत मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. काही व्हॅन आणि मालवाहू गाड्यांत तो मागच्या वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करतो. नुसते कॅलिपर आणून बसवले की हा तोल बिघडतो. शिवाय कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागते. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल खोल जाते. काही जुन्या गाड्यांत ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड चकतीला सतत घासत राहतात आणि विनाकारण तापतात. एबीएस असलेल्या गाडीत चाकाची गती मोजणारा सेन्सर हबजवळच असतो, त्यालाही धक्का लागतो. १२-१३ इंची चाकात कॅलिपर मावेल की नाही, हा प्रश्न वेगळाच.

आणि हँडब्रेक? ड्रममध्ये तो आपसूक मिळतो, एक केबल शू ओढते आणि गाडी घट्ट धरते. डिस्कसाठी हँडब्रेकची सोय असलेला खास कॅलिपर लागतो किंवा चकतीच्या पोटात वेगळा छोटा ड्रम. स्वस्तात काम उरकणारे नेमके इथेच हात आखडतात. चढावर गाडी उभी करून लेकरांना उतरवताना ती धरून ठेवणारा हँडब्रेकच नसेल, तर मागच्या डिस्कचा उपयोग काय?

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला मनमानीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी तपासली जाते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. म्हणून असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून, लेखी घेऊनच पुढे जावे.

आता घाटाकडे येऊ. तोरणमाळ, चांदसैली, देवगोई हे आपले सातपुड्यातले घाट. धुळे-मालेगावकडून विसरवाडीकडे परतताना लागतो तो कोंडाईबारी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटून अनेकांचे प्राण गेले. अशा प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते. पण उतारावर ब्रेकवर किती भार येतो, याचा हिशेब प्रत्येक चालकाने एकदा तरी करावा.

माणसांसह १००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगातून एकदा थांबवली, तर ब्रेकना सुमारे १ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर सुमारे ४९ लाख ज्यूल. म्हणजे ६० च्या वेगातून पस्तीस वेळा थांबण्याइतके काम! हवेचा आणि टायरचा रोध त्यातला काही वाटा उचलतो. बाकीचा कोणी उचलायचा? गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा ब्रेकने. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये उतरवली तर मोठा भाग इंजिन उचलते. डिझेल-पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे चालक आपल्याकडे कमी नाहीत. इंजिन बंद केले तर ब्रेकचा बूस्टरही एक-दोन दाबांत निकामी होतो आणि पेडल दगडासारखे होते. जुना नियम आजही खरा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे जुने ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ब्रेक तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली बसते. ब्रेक फेल झाले असे आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा हेच घडलेले असते. पुढे-मागे चारही डिस्क असल्या तरी जुने ऑइल दगा देतेच.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला आम्ही जे सांगितले, ते सर्वांसाठी लिहितो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घाला आणि चारही चाकांची हवा काढून घ्या. पुढचे पॅड आणि चकतीची जाडी तपासा, खरे काम तेच करतात. मागचे ड्रम उघडून पाहा. लायनर झिजले असतील तर दोन्ही चाकांचे एकदमच बदला. व्हील सिलिंडर ओला दिसला तर तोही बदला. ड्रमला लेथवर टर्निंग देताना त्यावर कोरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. ऑटो-ॲडजस्टर अडकला असेल तर सोडवून घ्या, पेडल खाली जाण्याचे ते साधे कारण असते. रबरी होज तडकले असतील तर ठेवू नका. टायर गुळगुळीत असतील तर आधी टायर घ्या, कारण गाडी शेवटी टायरच थांबवतात. आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ गॅरेजमधल्या पोरांच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

डिस्कची वाट कोणासाठी खुली आहे? तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने मागे डिस्क दिली असेल, तर हब, कॅलिपर, हँडब्रेक केबल, मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह असा त्या गाडीचा पूर्ण संच, जाणत्या हातांनी आणि परवानगीने बसवता येईल. ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी यांसारख्या चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाडीत सुधारणा करायचीच असेल, तर ती पुढच्या चाकांपासून सुरू करावी, मागच्या नव्हे.

गाडीत बसलेले प्रत्येक माणूस चालकाच्या हाती सोपवलेली अमानत असते. अल्लाहवर तवक्कुल ठेवणाऱ्यानेही निघण्याआधी पेडल दाबून पाहावे. इंजिन चालू ठेवून, पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर त्या दिवशी घाटात जाऊ नका, आधी गॅरेजला जा.