पाण्यात जाणारी वीज

मुंबईचे मैलापाणी नीट शुद्ध करूनच समुद्रात वा खाडीत सोडले पाहिजे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणच्या मलजल प्रक्रिया केंद्रांची कोनशिला १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. त्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे १७,२०० कोटी रुपयांचा होता आणि सातही केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २४६ कोटी लिटर ठरली होती. कोनशिलेचा दिवस एकच असतो. केंद्र चालविण्याचे दिवस मात्र दहा हजारांवर भरतात. त्या प्रत्येक दिवसाचे विजेचे बिल कोण भरणार आणि ते किती असणार, हा प्रश्न नागरिकांनी आजच विचारावयास हवा.

या विजेचा मोठा भाग कशावर खर्च होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मैलापाण्यातील घाण यंत्रे खात नाहीत. ती सूक्ष्मजीव खातात, आणि त्यांना जगण्यासाठी प्राणवायू लागतो. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघा संशोधकांनी मैलापाण्यात सतत हवा सोडून व खाली बसलेला जिवंत गाळ पुन्हा वापरून शुद्धीकरणाची जी रीत सिद्ध केली, तिच्याच निरनिराळ्या सुधारित आवृत्त्या आज जगभर चालू आहेत. हवा ढकलणारे ब्लोअर रात्रंदिवस फिरत असतात, आणि अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी, कित्येकदा त्याहूनही अधिक, वीज एकटे तेच गिळतात.

आता साधा हिशेब करून पाहू. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, मैलापाण्यास पाव युनिट वीज लागते असे हात राखून धरले, तरी सातही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर रोजची गरज सहा लाख युनिटांवर जाते. त्यातील निम्मी, म्हणजे तीन लाख युनिटे, केवळ हवेपायी. तीत चतुर्थांश बचत झाली, तर वर्षाकाठी पावणेतीन कोटी युनिटे वाचतील. ही रक्कम करदात्याच्याच खिशातून जाणारी आहे.

अशी बचत शक्य आहे काय? निःसंशय आहे, आणि तीत अद्भुत असे काही नाही. पहिली गोष्ट बुडबुड्यांची. मोठा बुडबुडा झपाट्याने वर येऊन फुटतो व आपल्याजवळचा बहुतेक प्राणवायू परत आकाशात नेतो; तीच हवा रबरी पडद्यांच्या बारीक छिद्रांतून सोडली, तर तितक्याच विजेत साधारण दुप्पट प्राणवायू पाण्यात उतरतो. दुसरी गोष्ट अतिरेकाची. एका लिटर पाण्यात दोन मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असला, की सूक्ष्मजीवांचे काम सहसा भागते. पाण्याची प्राणवायू धारण करण्याची मर्यादा सोयीसाठी आठ मिलिग्रॅम धरू. पातळी दोनवर ठेवली तर अंतर सहाचे राहते. ती निष्काळजीपणे चारवर जाऊ दिली तर चारचेच उरते. प्राणवायू पाण्यात शिरण्याचा वेग या अंतराच्या प्रमाणात असल्यामुळे, तेवढाच प्राणवायू पुरविण्यास दीडपट हवा लागते. म्हणजे अर्धी वीज अधिक आणि लाभ शून्य! तिसरी गोष्ट वेळेची. मध्यरात्री शहर झोपते, मैलापाणी घटते. पण ब्लोअर सकाळच्याच जोराने फिरत राहिले, तर ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ याहून वेगळे काय घडते? पाण्यातील प्राणवायू व अमोनिया मोजून ब्लोअरची गती आपोआप कमीजास्त करणारी साधने आज सहज उपलब्ध आहेत. डेन्मार्कमधील ऑर्हूस शहराच्या मार्सेलिसबोर्ग केंद्राने अशा सुधारणांच्या जोडीला गाळातील वायूपासून वीज निर्माण केली, आणि आपल्या गरजेपेक्षा अधिक ऊर्जा तयार करून दाखविली.

यावर कोणी म्हणेल, आधी पाणी शुद्ध होऊ द्या, विजेची काटकसर मागाहून पाहू. आम्हांस हा युक्तिवाद उलटा वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७,२३६ कोटी लिटर मैलापाणी निर्माण होत होते; उभारलेली शुद्धीकरणाची क्षमता होती ३,१८४ कोटी लिटरची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते अवघे २,०२३ कोटी लिटर. बांधलेली केंद्रे अर्धपोटी का राहतात याची कारणे अनेक आहेत. गटारेच केंद्रापर्यंत पोहोचलेली नसणे हे त्यांतील मोठे. परंतु न पेलणारे वीजबिल हेही त्यांतलेच एक आहे. तिजोरीवर ताण आला की पहिला हात ब्लोअरच्या बटणाकडे जातो, कारण यंत्र बंद पडल्याची तक्रार करावयास सूक्ष्मजीव महापालिकेच्या दारात येत नाहीत. घाण मात्र खाडीत जाते, आणि तिचा भोग किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांना व सर्व शहराला भोगावा लागतो. म्हणून विजेची बचत ही शुद्धीकरणानंतरची चैन नव्हे. ती शुद्धीकरण टिकण्याची अट आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. यंत्रसामग्रीची निवड खरेदीच्या किमतीवर नव्हे, तर तिच्या आयुष्यभराच्या वीजखर्चासह व्हावी. केंद्र चालविणाऱ्या कंत्राटदाराने दर घनमीटरला किती वीज लागेल याची हमी द्यावी, आणि त्याहून अधिक लागल्यास तो भार त्याने सोसावा. बारीक छिद्रांचे पडदे जैविक थराने व क्षारांनी बुजतात, मोजमापाची उपकरणे चुकू लागतात. त्यांची सफाई व तपासणी ठरल्या वेळी होते की नाही, याची नोंद असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक केंद्राने किती पाणी शुद्ध केले, ते किती शुद्ध झाले आणि त्यासाठी किती वीज लागली, हे तीन आकडे दरमहा एकत्र प्रसिद्ध व्हावेत. एकट्या विजेचा आकडा मागितला, तर हवा बंद ठेवूनही बचत दाखविता येईल. तिन्ही एकत्र असले, की लबाडीला जागा राहत नाही.

हे आकडे मागण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा आहे. तो त्याने बजावला नाही, तर हजारो कोटी रुपये खर्चूनही समुद्र मळका तो मळकाच राहील, आणि वीज मात्र शब्दशः पाण्यात जाईल.