शुगर मोजली, नसांचे काय?



14 नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन आला की गावोगावी तपासणी शिबिरे लागतात. बोटाला सुई टोचून शुगर पाहतात, गोळ्या देतात आणि माणूस पुढच्या एसटीने घरी जातो. मधुमेहाने त्याच्या नसांचे काय केले, हे सहसा कुणी तपासत नाही. महाड-पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत ही तपासणी नेमाने झाली पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे लावणीच्या दिवसांत माणसे अनवाणी चिखलात उतरतात. तळवे बधिर झालेल्याला काटा किंवा काच रुतल्याचे कळतच नाही. संध्याकाळी पाय धुताना घरच्यांना जखम दिसते. ती चिघळली की बोट, कधी पाऊलही गमवावे लागते. हृदय, रक्तदाब, पचन सांभाळणाऱ्या स्वायत्त नसांची हानी तर याहून फसवी. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते; हृदयविकाराचा झटका येतो, पण छातीत दुखत नाही. घरचे पित्त समजून सोडा पाजतात.

या नसांच्या हानीची खूण डोळ्याच्या बाहुलीत सापडते. अंधारात बाहुली मोठी करण्याचे काम स्वायत्त नसांपैकी सिंपथेटिक नसांचे. मधुमेहात त्या झिजल्या की दिवा मालवला तरी बाहुली लहानच राहते किंवा फार सावकाश पसरते. पुढे उजेडात आकसणेही मंदावते. अनेकदा रुग्णाला काही त्रास जाणवण्याआधीच हा फरक पडलेला असतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा प्युपिलोमीटर तो काही सेकंदांत मोजतो. सुई नाही, रक्त नाही. अर्थात वयानेही बाहुली लहान होते, काचबिंदूचे थेंब आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही तिच्यावर परिणाम करतात. म्हणून या एकाच चाचणीवर निदान करू नये. आडवे आणि उभे असतानाचा रक्तदाब, दीर्घ श्वासाबरोबर बदलणारी नाडी, पायाला लावलेला ट्यूनिंग फोर्क (कंपनकाटा) आणि मोनोफिलामेंट (स्पर्श तपासण्याचा बारीक तंतू) यांची जोड हवीच. या जोडतपासण्यांचे एकही साधन महाग नाही.

डॉक्टरांची पदे भरताना मारामार, तिथे ही चैन कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांनी महाड तालुक्यातल्या बिरवाडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र आठवावे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण तिथे रात्र-रात्र उशाशी बसून तपासले. विंचवाचे विष याच सिंपथेटिक नसांना खवळवते, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन वापरले. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या तालुक्याने हे काम पाहिले, तिथे बाहुली तपासणे अवघड का वाटावे?

झिजलेली नस सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून लवकर कळण्याला मोल आहे. तेव्हा शुगर आणि रक्तदाब आटोक्यात आणता येतो, पाय रोज पाहण्याची सवय लावता येते, शेतात गमबूट घालता येतात. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. त्यांना नुसता शुगरचा आकडा सांगून भागणार नाही.

रायगडच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती आहे की महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांना एकेक प्युपिलोमीटर द्यावा. तो येईपर्यंत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह्यांच्या पायांची आणि उभ्याने रक्तदाबाची तपासणी सुरू करावी. पुढच्या लावणीआधी ती झालेली असावी.

— एक वाचक, पोलादपूर