निळा रंग जांभळा का छापला जातो?



लग्नाचे अल्बम, पत्रिका, जयंतीचे फलक घरच्या घरी तयार करून चार पैसे मिळवणारी आपली मुले आता खेडोपाडी आहेत. आपट्यासारख्या गावातल्या मुलाने फलक तयार करून, रोहा-पनवेल गाडी धरून पनवेलला छापायला न्यायचा आणि छापून हातात आला की निळा जांभळा झालेला! जयंतीचा फलक जांभळा म्हटल्यावर मंडळी पैसे अडवतात. मग घरात ठरते, हप्त्यावर नवा मॉनिटर घ्यायचा.

थांबा. हा दोष बहुधा मॉनिटरचा नसतोच. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. कागदावरचा निळा सायन आणि मॅजेंटा या दोन शायांतून होतो. मॅजेंटा सायनच्या जवळ गेली की तो जांभळा दिसणारच. सायन १०० ठेवली तर मॅजेंटा ७०च्या आसपास किंवा त्याखालीच ठेवावी आणि आधी त्याच यंत्रावर वीतभर नमुना छापून बघावा. लाखाचा मॉनिटर आणला तरी हे काम चुकत नाही.

तरीही मॉनिटर घ्यायचाच असेल तर आयपीएस जातीचा घ्यावा. स्वस्तातल्या टीएन पडद्यावर मान जरा हलवली की रंग बदलतो, मग खरा कोणता धरायचा? १०० टक्के एसआरजीबी असे खोक्यावर लिहिलेले असावे. अल्बम आणि फलकांना तेवढे पुरते. २४ इंचाला १९२० बाय १०८० ठिपके ठीक; तेवढेच ठिपके २७ इंचावर भरड दिसतात, तिथे २५६० बाय १४४० हवेत. १४४ हर्ट्झचे पैसे खेळ खेळणाऱ्यांनी द्यावेत.

दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये आपल्याच लग्नातला एक फोटो न्यावा: पांढरी साडी, सावळा चेहरा, काळे केस. (आपटा स्टेशनवर काढलेला असला तरी चालेल, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा १९९५ सालचा तो शेवट तिथलाच.) साडीच्या चुण्या आणि केसांच्या बटा एकाच वेळी सुट्या दिसल्या तर पडदा चांगला. चुण्या विरघळून नुसता पांढरा ठिपका दिसला तर दुसरा दाखवायला सांगावे.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे उजेड कमी करणे. कारखान्यातून पडदे डोळे दिपवणारे येतात. त्यावर फोटो उजळ वाटतो आणि अल्बम काळवंडून येतो. मग नवरीचा चेहरा गोरा करून टाकायची सवय लागते, ती तर मोडलीच पाहिजे. आपली मुलगी सावळी असेल तर अल्बममध्येही सावळीच दिसावी. पडद्यावर खिडकीचे ऊन किंवा रंगीत दिवा पडू देऊ नये. रंग जुळवायचे यंत्र महिन्यातून एकदाच लागते, म्हणून ते चौघांनी मिळून घेतले तरी भागते.

पक्की पावती घ्यावी आणि मेलेल्या ठिपक्यांची हमी किती ठिपक्यांपासून लागू होते, हे पैसे देण्याआधीच विचारावे.