चिकटवणे आणि दुरुस्त करणे

मोडलेली वस्तू हाती आली, की आपल्या घरांत पहिला शोध सुरू होतो तो सुपरग्लूच्या नळीचा. कपाचा कान असो, चष्म्याची दांडी असो वा मुलाचे खेळणे, दोन तुकडे एकमेकांना चिकटले म्हणजे वस्तू दुरुस्त झाली, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीत एक मूलभूत गफलत आहे, आणि ती माझ्या लक्षात आणून दिली ती पावणेचार इंचांच्या एका प्लॅस्टिकच्या सैनिकाने.

हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ साली 'जी. आय. जो' हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीने कंपनीने 'बाहुली' हा शब्द कटाक्षाने टाळला आणि 'ॲक्शन फिगर' हे नाव रूढ केले. हालचाल ही अशी या खेळण्याच्या नावातच आहे. १९८२ साली तो पावणेचार इंची रूपात अवतरला. पुढे फनस्कूलने भारतात त्याची निर्मिती केली आणि नव्वदच्या दशकात आमच्यासारख्या घरांतही तो वाढदिवसाच्या निमित्ताने पोहोचला. यांपैकी काही भारतीय सैनिकांचे रंग मूळ अमेरिकी सैनिकांहून वेगळे आहेत, आणि ते आज परदेशातले संग्राहकही शोधत असतात.

आमच्याकडचा सैनिक धाकट्या भावाचा. गेल्या वर्षी माळ्यावरच्या डब्यात तो सापडला तेव्हा धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी त्याची अवस्था होती. शिवाय उजव्या हाताचा अंगठा नव्हता. तो मात्र काळाने नेलेला नव्हता. लहानपणी भाऊ शाळेत गेला असता मी त्या मुठीत दुसऱ्याच खेळण्यातली जाडजूड बंदूक कोंबली होती. अंगठा आपल्याच हातून तुटला, असे भाऊ कित्येक वर्षे मानत आला, आणि मीही त्याला तसे मानू दिले.

या सैनिकाची रचना पाहण्यासारखी आहे. धडाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पाठीतल्या एकाच स्क्रूने जोडलेले असतात. मान आणि खांदे त्यांच्यामध्ये बसतात. दोन्ही पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात एक रबरी कडे अडकवलेले असते. ते कमरेच्या तुकड्यातून वर येते आणि धडाच्या आतल्या खुंटीवर ताणून बसते. कंबर वळते, पाय दुमडतात, ते या कड्याच्या ताणावर. रबर म्हटले की ते हवेने कधीतरी कडक होणार, त्याला चिरा पडणार आणि एके दिवशी ते तुटणार. हा दोष नव्हे, रबराचा धर्मच आहे. रचनाकाराने पाठीत स्क्रू ठेवला आणि त्याबरोबर पुढे कधीतरी हे धड उघडणाऱ्या हाताची सोयही करून ठेवली.

सुपरग्लू नेमकी हीच सोय संपवतो. कमरेला तो लावला, की सैनिक उभा राहतो खरा, पण कायमचा एकाच पवित्र्यात. हा गोंद कडक असतो, तसाच ठिसूळही. वळणाऱ्या सांध्यावर तो टिकत नाही, भोवतालच्या प्लॅस्टिकवर पांढुरकी झाक सोडतो, आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करतो. चिकटवण्याला तुकड्यांशी कर्तव्य असते. दुरुस्तीला त्या तुकड्यांमधल्या संबंधाशी.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे. घड्याळजी वापरतात तसा बारीक स्टार स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि नळाच्या सामानाच्या दुकानातून दोन-तीन मापांची ओ-रिंग आणली. कडे मोठे झाले तर पाय लोंबकळतात. फार घट्ट झाले तर कमरेच्या तुकड्यावर नको तितका ताण येतो. स्क्रू परत बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवावा, जुन्या आट्यांत बसल्याचे बोटांना जाणवले की मगच सुलटा पिळावा. जोर केला तर प्लॅस्टिकमधले आटे जातात, आणि मग तो स्क्रू असून नसल्यासारखा.

संग्राहकांपैकी कडव्या मंडळींचा यावर आक्षेप असतो. मूळ कडे गेले म्हणजे वस्तूची अस्सलता उणावली, असे ते म्हणतात. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही; म्हणून तुटलेले जुने कडे मी टाकले नाही, पाकिटात घालून ठेवले. परंतु हालचालीसाठी घडवलेली वस्तू हलेनाशी झाली, तर तिची कोणती अस्सलता आपण जपत असतो? केवळ कड्याची, की खेळण्याची?

याच न्यायाने अंगठाही बदलावा, असे कोणी म्हणेल. दुसऱ्या सैनिकाचा हात काढून याला बसवता येतो, तसे करणारे पुष्कळ आहेत. मी ते केले नाही. रबर तुटणे ही झीज आहे, आणि झीज कोणाचीच गोष्ट सांगत नाही. अंगठा तुटणे ही घटना आहे. ती या एकाच सैनिकाच्या बाबतीत, एका घरात, एका दुपारी घडली. झीज भरून काढावी, घटना पुसू नये, असे माझे मत आहे. आणि जे बदलले ते लपवू नये. नवे कडे घालून जुना सैनिक 'अस्पर्शित' म्हणून विकणारा माणूस दुरुस्ती करत नाही, पुरावा नष्ट करतो.

काम झाल्यावर भावाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, वाकतो का रे तो अजून?" वाकतो, म्हटले. मग अंगठ्याचेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं, मीच." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सैनिकाच्या डब्यात आता एक चिठ्ठी आहे. कडे बदलल्याची तारीख तीत आहे, आणि अंगठा कोणी मोडला तेही.