दुसऱ्याच्या दुकानात काय विकतं?

माझी भाची चिपळूणला असते. नवरा जहाजावर, घरात सासू-सासरे आणि दोन मुले. मागच्या रमजानच्या आधी तिने यूट्यूबवर स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे चॅनल काढले. भिशीचे चौदा हजार रुपये हाती आले होते. त्यातून मोबाइलचा स्टँड, गोल दिवा आणि एक एअर फ्रायर घेतला. ईदला माहेरी आली तेव्हा सात महिने झाले होते, साठ-बासष्ट व्हिडिओ झाले होते आणि कमाई होती एक हजार एकशे चाळीस रुपये.

"खाला, मी त्या दिल्लीच्या चॅनलसारखंच सगळं केलं," ती म्हणाली. "तीच यादी, तेच मिक्सर, तसेच फोटो. त्यांना लाखांनी लोक बघतात आणि मला माझी नणंद बघते."

या सदरात घरबसल्या कमाईवर लिहायला लागल्यापासून अशाच अर्थाची पत्रे मला बऱ्याच भगिनींकडून येतात. म्हणून या वेळी भाचीची परवानगी घेऊन तिचीच हकीकत सांगते.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. अफिलिएट मार्केटिंग म्हणजे साधी अडत. आंबा बागायतदाराचा, गिऱ्हाईक वाशीचे आणि मधला अडत्या आपली टक्केवारी घेतो, तसेच. ॲमेझॉनने हा प्रकार १९९६ सालीच सुरू केला. तुम्ही एखाद्या वस्तूची लिंक देता, कुणी त्या लिंकवरून जाऊन खरेदी केली तर ठरलेले कमिशन तुम्हाला मिळते. लिंकवर बोट ठेवल्यापासून साधारण २४ तासांत खरेदी व्हावी लागते. मधल्या वेळात त्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या लिंकवर बोट ठेवले तर शेवटच्याचे नाव लागते, तुमचे पुसले जाते.

भाचीने दिल्लीवाल्यांची यादी बघितली ती त्यांच्याच लिंका उघडून. त्यातल्याच एका लिंकवरून तिने आपला एअर फ्रायर मागवला. म्हणजे तिच्या भिशीच्या पैशांतले कमिशन गेले दिल्लीला. मी हसले. ती मात्र हसली नाही.

तिने एक गोष्ट चांगली केली होती. धंद्यात उतरायच्या आधी दुसऱ्याचे दुकान बघितले होते. चूक झाली ती बघण्याच्या पद्धतीत. तिने काय मांडले आहे ते पाहिले. काय विकले जाते ते पाहिले नाही. दुकानदार काचेमागे पन्नास साड्या टांगतो. त्यातल्या कुठल्या चार रोज विकल्या जातात हे काच सांगत नाही.

मग ते कळायचे कसे? आम्ही दोघी वही घेऊन बसलो. तिची मोठी मुलगी मध्येमध्ये मोबाइल ओढत होती, त्यामुळे काम दोन दिवस चालले. बसण्याआधी भाचीने एक प्रश्न विचारला, तोही सांगते. "खाला, हे तजस्सुस नाही ना होत?" प्रश्न चांगला होता. कुणाचे खाते उघडणे, त्यांच्या माणसाला फितवून आकडे काढणे, बंद समूहात खोट्या नावाने शिरणे, हे सगळे त्यातच येईल आणि ते आपल्याला करायचे नाही. पण ज्याने जगासाठी उघडे ठेवले आहे ते वाचणे म्हणजे बाजारात चालताना दुकानाच्या पाट्या वाचणे. आम्ही पाट्याच वाचल्या.

पहिले पाहिले ते लिंकचे शेपूट. छोटी लिंक उघडली की वर पूर्ण पत्ता दिसतो. ॲमेझॉनच्या पत्त्यात 'टॅग' या शब्दापुढे त्या माणसाचे ओळखनाव असते आणि भारतात त्याच्या शेवटी २१ हा आकडा असतो. एकच माणूस अशी अनेक ओळखनावे घेऊ शकतो. दिल्लीवाल्यांच्या छोट्या व्हिडिओखाली एक नाव होते, मोठ्या व्हिडिओखाली दुसरे आणि मिक्सरच्या व्हिडिओखाली अगदी वेगळे तिसरे. जो माणूस मिक्सरसाठी स्वतंत्र खाते मांडतो, तो मिक्सरची विक्री वेगळी मोजतो आहे. एवढे कळले की त्याच्या यादीतल्या बाकी तीस वस्तूंकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरे, टिकलेले काय आहे ते शोधायचे. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांच्या पानांच्या जुन्या प्रती 'वेबॅक मशीन' नावाच्या मोफत संग्रहात पुष्कळदा सापडतात. २००१ पासून तो सगळ्यांना खुला आहे. एका चॅनलच्या साइटवर 'सर्वोत्तम १० वस्तू' असे पान होते. दोन वर्षांपूर्वीची प्रत आणि आजचे पान शेजारी ठेवले. दहापैकी सात वस्तू गळून गेल्या होत्या. उरल्या होत्या हाताने फिरवायचा भाजी चिरणारा डबा, गॅसची लोखंडी जाळी आणि एक प्रेशर कुकर. गळालेल्या सातांपैकी काही बाजारातूनच गेल्या असतील, त्यामुळे अगदी खात्रीने बोलता येत नाही. पण ज्यातून चार पैसे येतात ती वस्तू सहसा कुणी काढत नाही. एअर फ्रायर त्या तिघांत नव्हता. भाची बराच वेळ गप्प बसली.

जाहिरातींचेही तसेच. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर सध्या कोण कुठली जाहिरात चालवतो ते मेटाच्या 'ॲड लायब्ररी'त कुणालाही फुकट बघता येते. जाहिरात कधी सुरू झाली ती तारीखही तिथे असते. गूगलनेही २०२३ मध्ये असे पान सुरू केले. चार दिवसांत बंद झालेली जाहिरात फसलेली असू शकते. चार महिने चालू असलेल्या जाहिरातीवर माणूस रोज खिशातून पैसे घालतो आहे, तो उगाच नाही. 'गूगल ट्रेंड्स'मध्ये फक्त महाराष्ट्र निवडून दोन वस्तूंची तुलना करता येते. मात्र तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर माणसे नव्हेत. त्या काळातला सगळ्यात जास्त शोध म्हणजे १०० आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात. हे न कळल्याने भाचीने आधी भलताच अर्थ काढला होता.

एवढे सगळे करूनही एक कोपरा अंधारातच राहतो, आणि त्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. शॉन होगन नावाचा माणूस ईबे कंपनीच्या सगळ्यात मोठ्या अफिलिएटपैकी एक होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, याची युक्ती काय असेल, आपणही तसेच करू. प्रत्यक्षात लोकांनी लिंकवर बोट न ठेवताही त्यांच्या संगणकात त्याच्या नावाची खूण गुपचूप टाकली जात होती. नंतर त्यांनी ईबेवर आपणहून काही घेतले तरी कमिशन त्याला. ईबेने २००८ मध्ये त्याच्यावर दावा लावला, पुढे फौजदारी खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली. त्याच्या साइटची नक्कल करणाऱ्याच्या हाती काय लागले असते? एखाद्याच्या कमाईचे कारण आपल्याला दिसणाऱ्या पानावर असेलच असे नाही.

म्हणून माझा भर शेवटी ज्या गोष्टीवर आहे ती तंत्राची नाहीच. व्हिडिओखालचे प्रश्न वाचा. पाच चॅनलच्या दोनेकशे टिप्पण्या आम्ही वाचल्या. 'छान' आणि 'मस्त' सोडून दिले, फक्त प्रश्न वहीत उतरवले आणि ज्यांना उत्तर मिळाले नव्हते त्यांच्यापुढे खूण केली. दिल्लीवाल्यांच्या वाफेच्या भांड्याखाली कुणीतरी मराठीत विचारले होते, यात सांदणाच्या वाट्या किती बसतात? उत्तर नाही. कसे असणार, त्यांना सांदण म्हणजे काय तेच ठाऊक नसेल. दुसरीने विचारले होते, स्टँड गंजतो का? त्यालाही उत्तर नाही. दिल्लीच्या कोरड्या हवेत हा प्रश्न त्यांना पडतच नसावा. चिपळूणच्या पावसाळ्यात लोखंडी स्टँडचे दोन महिन्यांत काय होते ते भाचीच्या सासूबाई झोपेतही सांगतील. मसाल्याच्या डब्याचे झाकण खरोखर हवाबंद आहे का, मीठ पाणी सोडते का, लाइट गेल्यावर चार्जिंगचा दिवा किती तास टिकतो, अशा प्रश्नांची आमच्याकडे चार पाने भरली.

त्या चार पानांत तिचे दुकान होते. सात महिने ती एअर फ्रायरपुढे उभी राहून दिल्लीवाल्यांची वाक्ये बोलत होती.

आता दोन गोष्टी, ज्या मोठ्या चॅनलवर दिसतात पण उचलायच्या नाहीत. कमिशन मिळते हे बरेच जण व्हिडिओखाली, 'अजून पाहा'च्या आत, इंग्रजीत एका ओळीत लपवतात. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे वस्तूची शिफारस करणाऱ्याने आपला मोबदला स्पष्ट सांगायचा आहे, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओत बोलून आणि लिहून दोन्ही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केले तर पन्नास लाखांपर्यंत. भाचीला भीती वाटली की आधीच सांगितले तर कोण घेईल? मी म्हटले, मच्छीवाली नफा घेते हे तुला माहीत नाही का? तरी तू तिच्याकडूनच घेतेस, कारण ती शिळी सुरमई तुझ्या पिशवीत घालत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या खानदानी व्हॉट्सॲप समूहांची. "माझ्याच लिंकवरून घ्या" असा निरोप चाची, फुफू, मामू सगळ्यांना जातो. ॲमेझॉनच्या नियमांत स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही, आणि नातेवाईकांना, मित्रमंडळींना तशी गळ घालायचीही नाही. असे कमिशन मिळत नाही आणि खाते बंद होऊ शकते. शिवाय नव्या खात्यावर १८० दिवसांत निदान तीन खऱ्या विक्री व्हाव्या लागतात, त्यात ही घरची खरेदी धरत नाहीत. दुसऱ्याचे फोटो, दुसऱ्याचा मजकूर उचलू नका, हे तर सांगायलाच नको.

भाचीने एअर फ्रायर नणंदेला अर्ध्या किमतीत दिला. गेल्या महिन्यात तिने चारच व्हिडिओ टाकले. पहिल्यात तिच्या सासूबाई वाफेच्या भांड्यात सांदणाच्या वाट्या मांडतात आणि पंधरावी वाटी बसत नाही म्हणून कंपनीला चार शब्द सुनावतात. सुरुवातीलाच भाची मराठीत सांगते की या लिंकवरून घेतलेत तर मला कमिशन मिळते. बघणारे साडेआठशे, विक्री अकरा. कमिशन भांड्यामागे थोडेच आहे, वस्तूच स्वस्त. पण अकराही गिऱ्हाइके अनोळखी आहेत, आणि खाली एकीने विचारले आहे की यात पातोळे होतील का. या आठवड्यात हळदीची पाने आणायला ती परसात गेली होती, असे तिच्या अम्मीकडून कळले.