कापसाचा स्लॉट आणि हातातला फोन

जगभरच्या इंटरनेट वापरात अँड्रॉइडने विंडोजला मागे टाकले ते मार्च २०१७ मध्ये. स्टॅटकाउंटरचे आकडे होते ३७.९३ आणि ३७.९१ टक्के. तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या कापूस उत्पादकाला या चुरशीची झळ बसली २०२५च्या हंगामात. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. पण तो पदरात पडायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी आणि विक्रीचा स्लॉट सक्तीचा होता. बटणांचा साधा फोन बाळगणाऱ्या म्हाताऱ्याने पोराला नाहीतर शेजाऱ्याला गाठायचे, ओटीपी येईपर्यंत रेंज टिकली तर नशीब!

दाखल्यांसाठी मात्र सरकारी सेवा देणाऱ्या मीसेवा केंद्राची पायरी आहेच. स्कॅनर, प्रिंटर, कीबोर्ड असलेल्या संगणकावर तिथला माणूस चार अर्ज झटपट उरकतो. तेही यंत्र अमर नाही म्हणा. विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. बाजारात अँड्रॉइड जिंको की विंडोज, सरकारी खरेदीने एकाचीच बाजू का घ्यावी? पुढच्या हंगामाआधी कापसाची ही नोंदणी मीसेवेच्या संगणकावरूनही खुली करा, तेलुगूबरोबर मराठीतही.